दिवाळीच्या सुमारास कोई मासे बारीक दिसतात तेव्हा: खाद्य वाढवण्याआधीच्या तपासण्या

पाऊस थांबतो, तळ्याचं गढूळ पाणी निवळतं आणि चार महिन्यांनी मासे नीट नजरेला पडतात. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या घरांची आणि होमस्टेंची कोई तळी मी बघतो, तिथून दसरा ते देवदिवाळी या काळात एकच विचारणा येते. मासे एवढे उतरले कसे, आणि थंडीच्या आत ते पुन्हा अंग धरतील का?

विचारणाऱ्याने तोवर एक उपाय सुरूही केलेला असतो: खाद्य दुप्पट. पण बऱ्याच तळ्यांत मासा खाद्याअभावी बारीक झालेलाच नसतो. पाणी बिघडलेलं असतं, खाद्य शिळं असतं, दुसरंच कुणी ते खात असतं किंवा माशाच्या अंगात कीड असते. अशा तळ्यात जास्तीचं खाद्य पडलं की ते कुजतं, पाणी आणखी बिघडतं आणि मासा अजून खाली येतो. म्हणून खाली तपासण्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या काहींना पैसे लागत नाहीत, आणि बरीच तळी तिथेच सुटतात.

थंडीबद्दल आधी एक स्पष्ट करतो. कोई पाळण्याच्या बहुतेक सूचना थंड मुलखातल्या लोकांनी लिहिल्या आहेत. हे रंगीत मासे जपानच्या नीगाता भागातल्या डोंगराळ गावांत तयार झाले, आणि तिथे हिवाळाभर बर्फ असतो. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की खाद्य बंद करा, हा नियम तिथला आहे. आपल्या किनाऱ्यावर बऱ्यापैकी खोल तळ्याचं पाणी जानेवारीच्या पहाटेलाही साधारण २० अंशांच्या आसपास राहतं. दापोलीच्या माथ्यावर, उथळ हौदात ते आणखी उतरतं, पण १० अंश आपल्याकडे नाहीत. त्यामुळे 'हिवाळ्यात उपास' हा सल्ला इथल्या बारीक माशाला मारक आहे. आपल्याकडे मासा थंडीतही खातो, फक्त थोडं कमी खातो आणि हळू पचवतो. अंग भरण्याचा खरा काळ ऑक्टोबरचा उष्मा ओसरल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. तेवढ्यात कारण सापडलं पाहिजे.

लक्षणं

कोई वरून बघायचा. चांगल्या माशाचं अंग डोक्यामागे रुंद होत जातं, पाठीचा पर जिथे सुरू होतो त्याच्या आसपास सर्वांत भरलेलं असतं आणि तिथून शेपटीकडे सावकाश निमुळतं होतं. उतरलेल्या माशाचं डोकं अंगापेक्षा रुंद दिसतं. कल्ल्यांच्या मागे दोन्ही बाजूंना खळगा पडतो, पाठीच्या पराच्या बाजूचं मांस जाऊन कणा वर येतो, शेपटीचं मूळ पातळ होतं. बाजूने पाहिलं तर पोटाची रेघ आत गेलेली असते.

सगळेच सडपातळ मासे आजारी नसतात. नर मादीपेक्षा अंगाने कमीच असतो, आणि वर्षाच्या आतलं पिल्लू लांबट दिसतं. पोट गोल पण पाठ उतरलेली असेल तर मात्र ते अंडी धरल्याचं लक्षण समजू नका. पोटात पाणी, गाठ किंवा जंत असू शकतात. असा मासा दिसला की मधल्या सगळ्या पायऱ्या सोडून शेवटचा भाग वाचा.

सोबतच्या खुणाही लिहून ठेवा: खाद्य तोंडात घेऊन थुंकणं, पहाटे पाण्यावर तोंड काढणं, भिंतीला किंवा दगडाला अंग घासणं, पर अंगाशी आवळून एका कोपऱ्यात उभं राहणं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, आणि रंगात झालेला बदल.

पहिली तपासणी: एक मासा बारीक आहे की सगळे?

याला खर्च शून्य, आणि बाकी सगळं याच उत्तरावर ठरतं. सगळे मासे सारखेच उतरले असतील तर दोष पाण्यात किंवा खाद्यात शोधायचा. एक-दोनच उतरले असतील आणि बाकीचे गुबगुबीत असतील तर दोष त्या माशांत किंवा त्यांना खाऊ न देणाऱ्या इतरांत. 'काही बारीक आहेत' हे उत्तर चालत नाही. कोणते, ते सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी मासा रंगावरून ओळखता आला पाहिजे.

पांढऱ्या अंगावर फक्त लाल ठिपके म्हणजे कोहाकू. त्याच्यावर काळे छोटे डाग आले की सांके. त्याचा काळा रंग पाठीवरच असतो, डोक्यावर नसतो. काळा डोक्यावर चढलेला असेल, बाजूंनी खाली पोटाकडे गुंडाळलेला असेल आणि छातीच्या परांच्या मुळाशीही असेल तर तो शोवा. सांके आणि शोवा यांची गल्लत सगळ्यांत जास्त होते. डोकं बघितलं की बहुतेक वेळा सुटते. लाल नाही, फक्त काळा-पांढरा आणि काळा डोक्यावरसुद्धा, तर शिरो उत्सुरी. अंगभर एकच चकाकता रंग म्हणजे ओगोन, सोनेरी यामाबुकी किंवा पांढरा प्लॅटिनम. पाठ निळसर राखाडी, खवल्यांचं जाळं स्पष्ट आणि पोट-गाल तांबूस, तो आसागी. त्याचीच जवळजवळ बिनखवल्याची जात शुसुई, जिच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या खवल्यांची एक ओळ असते. फक्त डोक्यावर एकच लाल ठिपका म्हणजे तांचो. सबंध तपकिरी, माणसाला सर्वांत लवकर सरावणारा आणि झपाट्याने वाढणारा तो चागोई. चागोई बारीक दिसला तर मी तळ्याकडे जास्तच लक्ष देतो. तो खादाड असतो, तो सहसा सर्वांत शेवटी उतरतो.

प्रत्येक माशाचा मोबाइलवर वरून फोटो काढा. पांढऱ्या किंवा निळ्या टबात घेतलात तर उत्तम, कारण हिरवट पाण्यात शोवा आणि उत्सुरीसारख्या गडद माशांच्या कडा दिसत नाहीत आणि ते आहेत त्याहून बारीक वाटतात. पांढरा प्लॅटिनम उलट आहे त्याहून भरलेला वाटतो. डोळ्याच्या या फसवणुकीमुळे भलत्याच माशावर औषध केलेलं मी पाहिलं आहे.

टबात घेतलेला असतानाच लांबी मोजा. पाण्याचा टब काट्यावर ठेवून शून्य करा, ओल्या हातांनी मासा आत सोडा, वजन मिळतं. जाळ्याने उचलून हवेत लोंबकळवू नका, खवले आणि पर फाटतात. चांगल्या अंगाचा ३० सेंटिमीटरचा कोई साधारण ४०० ते ४५० ग्रॅम भरतो, ४० सेंटिमीटरचा १ किलोच्या आसपास, ५० सेंटिमीटरचा २ किलोच्या आसपास. यापेक्षा पाचवा हिस्सा कमी भरला तर मी तो उतरलेला धरतो. वहीत माशाची जात, ठिपक्यांची जागा, लांबी, वजन आणि तारीख लिहा. तीन आठवड्यांनी हीच वही उपयोगी पडते.

रंगाचा दुसरा उपयोग याहून महत्त्वाचा आहे. कोहाकूच्या अंगावरचा लाल हा खवल्यांवरचा रंग असतो, त्याला कडा असतात आणि तो रातोरात जागा बदलत नाही. पांढऱ्या भागात गुलाबी झाक आली, परांमध्ये लाल शिरा उठल्या, पोटाकडे लालसर फरफटे दिसले तर ते रक्त आहे. पाणी अंगाला झोंबत असल्याची ती खूण. जुना फोटो शेजारी धरला की क्षणात कळतं. फोटो नसेल तर 'आमच्या माशाचा लाल छान उठला' असं म्हणत लोक दोन आठवडे घालवतात, आणि मासा तेवढ्यात जातो.

काही बदल निरुपद्रवी असतात. पाणी थंड होऊ लागलं की सांके-शोवाचा काळा गडद होतो, नवे काळे डागही वर येतात. कुमोनर्यू नावाची काळी-पांढरी जात तर ऋतूप्रमाणे काळी-पांढरी होत राहते. सावलीतल्या तळ्यात, निकृष्ट खाद्यावर लाल फिकट पडतो. याला औषध लागत नाही. अंगावर दुधी पापुद्रा, सबंध मासा मलूल नि काळवंडलेला, किंवा साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके, हे मात्र आजाराचे बदल.

दुसरी तपासणी: जेवताना बघा

खाद्य टाका आणि पाच मिनिटं तिथून हलू नका. फोनवर व्हिडिओ घेतलात तर आणखी चांगलं. कोण पहिला येतो, कोण मागे राहतो, कोण येऊनही तोंड लावत नाही, हे बघायचं.

धसमुसळ्या मोठ्या माशांमुळे एखादा बुजरा मासा मागे राहत असेल तर खाद्य एका जागी न टाकता तळ्याच्या दोन-तीन टोकांना एकदमच टाका. थोडं बुडणारं खाद्य मिसळा, म्हणजे खाली थांबणाऱ्यालाही मिळेल. केवळ एवढ्याने सुधारलेले मासे मी दरवर्षी बघतो.

तळ्यात चिलापी शिरलीय का तेही इथेच कळतं. शेततळ्याच्या पाण्यातून, ओढ्याच्या पुरातून किंवा कुणीतरी हौसेने सोडल्यामुळे ती येते, पावसाळाभर पिल्लं घालते, आणि दिवाळीपर्यंत कोईंच्या वाट्याचं निम्मं खाद्य तिच्याकडे जातं. गळाने किंवा जाळ्याने काढत राहणं हाच उपाय. गप्पी मासे मात्र राहू द्या, त्यांचा कोईंना त्रास नाही.

सगळेच मासे वर यायला घाबरत असतील तर वर बघा, मग काठ बघा. खंड्या आणि ढोकरी दिवसा बसतात, दिवड काठाच्या जांभ्याच्या फटीत राहते, खाडीजवळ पाणमांजर रात्री येतं. घाबरलेला कोई दिवसेंदिवस तळाशी राहतो आणि उपाशी राहतो. जुनं मासेमारीचं जाळं तळ्यावर ताणून बांधा आणि चार-पाच दिवस थांबा. दुसरं काही बिघडलेलं नसेल तर मासे आपोआप वर येतात.

तिसरी तपासणी: खाद्याचा डबा

डबा उघडा आणि वास घ्या. ताज्या गोळी खाद्याला सुक्या मासळीचा वास येतो. खवट, कुबट किंवा तेल जुनं झाल्यासारखा वास आला, गोळ्या एकमेकींना चिकटल्या असतील, पांढरट-हिरवट बुरशी दिसली, तर ते खाद्य फेकून द्या. कोंबड्यांनाही घालू नका. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत उघडं पोतं महिनाभरात बिघडतं. त्यातली चरबी खवट होते, क जीवनसत्त्व उडतं आणि बुरशीचं विष यकृतावर जातं. मासा रोज खातो आणि रोज उतरतो, याचं हे फार नेहमीचं कारण आहे. शेंगदाण्याची पेंड घालणाऱ्यांनी तर जास्त जपावं, तिच्यावर ही विषारी बुरशी लवकर धरते.

पाहुण्यांनी टाकलेले ब्रेड, कुरमुरे, बिस्किटं, उरलेला भात हे मासा आवडीने खातो, म्हणून ते त्याचं अन्न ठरत नाही. त्यांत प्रथिनं नाहीत, आणि न खाल्लेला भाग तळाशी आंबतो. होमस्टेवाल्यांनी मुलांच्या हातात माशांच्या खाद्याची छोटी वाटी ठेवावी. मुलांची हौस भागते आणि तळं वाचतं.

चौथी तपासणी: पहाट आणि थर्मामीटर

पाण्याचा थर्मामीटर शे-दोनशे रुपयांत मिळतो. एक दिवस सूर्योदयाआधी तळ्यावर जा. तापमान बघा आणि मासे कुठे आहेत ते बघा.

पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी पहाटे असतो. रात्रभर शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ तो वापरतात, भर कुणीच घालत नाही. त्यात गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. ऑक्टोबरच्या उष्म्यात, हिरव्या पाण्याच्या तळ्यात, तळाशी पावसाळाभराचा आंब्याचा पातेरा कुजत असताना मासे पहाटे पाण्यावर तोंड काढतात. असा मासा सकाळी खाणार नाही, आणि खाल्लेलं त्याच्या अंगीही लागणार नाही.

पातेरा काढा. एकदम सगळा ढवळू नका, थोडा थोडा उपसा. एअर पंप रात्रभर चालू ठेवा, दिवसा बंद ठेवून रात्री लावला तरी चालेल, उलट नको. लाईट जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप प्रत्येक तळ्याजवळ हवाच.

पाचवी तपासणी: पाणी

इथे थोडा खर्च आहे, पण टेस्ट किट एकदा घेतलं की वर्षभर पुरतं. चार गोष्टी मोजायच्या: अमोनिया, नायट्राइट, सामू (पीएच) आणि केएच, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. सामू ७ ते ८.५ मध्ये असावा, आणि सकाळ-संध्याकाळ फार हलू नये. तो सांभाळतं केएच, आणि कोकणात घोडं तिथेच अडतं. आपल्याकडे पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वर, आणि विहिरी जांभ्यातल्या. हे दोन्ही पाणी मऊ, त्यात क्षार नावापुरते. चार महिन्यांचा पाऊस उघड्या तळ्यात पडला की केएच जवळजवळ संपतं. फिल्टरमधल्या ज्या जिवाणूंनी अमोनिया पचवायचा, ते थंडावतात, कारण त्यांना केएच लागतं. मग सामू एका रात्रीत घसरतो. मासा मरत नाही, पण खात नाही, झुरतो, आणि दिवाळीला पाणी निवळल्यावर बारीक दिसतो. सगळेच मासे सारखे उतरलेत आणि खाद्य ताजं आहे, तर मी सगळ्यात आधी हाच आकडा बघतो.

केएच ८० पीपीएमच्या (म्हणजे लिटरला ८० मिलिग्रॅमच्या) खाली असेल तर खाण्याचा सोडा वापरा. धुण्याचा सोडा नव्हे. १,००० लिटर पाण्याला १७ ग्रॅम सोड्याने केएच १० पीपीएमने वाढतं. एका दिवसात ३० पीपीएमहून जास्त वाढवू नका. अमोनिया दिसत असेल तर सोडा घालण्याआधी थोडं पाणी बदला, कारण सामू वाढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. कायमच्या उपायासाठी कालवांच्या शिंपल्या गोड्या पाण्यात धुऊन जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा. त्या सावकाश विरघळतात आणि पुढच्या पावसाळ्यात तळं सावरून धरतात.

तळ्यात पाणी किती हे माहीत नसेल तर लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजा, तिन्ही गुणा आणि उत्तराला २८ ने गुणा. लिटर मिळतात. हा आकडा काठावर रंगाने लिहून ठेवा. पुढची प्रत्येक मात्रा त्यावरच ठरते. मासे जास्त झालेत का तेही यावरूनच कळतं. ३० सेंटिमीटरच्या प्रत्येक माशामागे मी १,००० लिटर धरतो.

पाणी कुठून येतं तेही विचारा. पावसाळ्यात ग्रामपंचायत सार्वजनिक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतो. ते पाणी थेट तळ्यात सोडलं तर कल्ले भाजतात. वेगळ्या टाकीत एअर पंप लावून दोन दिवस ठेवा, नाहीतर सोडियम थायोसल्फेट वापरा. बोअरचं पाणी बाहेर आल्यावर तांबूस होत असेल तर त्यात लोह आहे. तेही वेगळ्या टाकीत हवा देऊन, निवळूनच वापरा.

नवीन पालवी फुटल्यापासून मोहोरापर्यंत हापूसच्या बागांत तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात. त्यांतली डेल्टामेथ्रीन आणि लॅम्डा सायहॅलोथ्रीनसारखी कीटकनाशकं माशांना अतिशय घातक आहेत, अगदी थोडी उडाली तरी. शेजारच्या बागेत फवारणी कधी आहे ते विचारून घ्या आणि त्या दिवशी तळं प्लास्टिकने झाका. फवारणीचे पंप तळ्याच्या पाण्यात कुणी धुऊ नयेत, हे गड्यांना स्पष्ट सांगा.

सहावी तपासणी: अंगावरची कीड

पाणी ठीक, खाद्य ठीक, तरी मासे अंग घासतात, मध्येच उसळी मारतात, तर कीड शोधा. परांच्या मुळाशी दोऱ्यासारखं काही लोंबतंय का, अंगावर चपटी, पारदर्शक ऊ सरकतेय का बघा. या दोन नुसत्या डोळ्यांनी दिसतात. कल्ल्यांतल्या आणि कातडीवरच्या बारीक कृमींना सूक्ष्मदर्शक लागतो.

घरी करण्याजोगा सुरक्षित उपाय मिठाचा. १,००० लिटरला १ किलो, असं तीन दिवस, म्हणजे एकूण ३ किलो. मिठागराचं जाडं, आयोडीन नसलेलं मीठ बादलीत विरघळवून तळ्याच्या कडेने सोडा. नायट्राइट आढळला असेल तर त्याचाही मारा मिठाने कमी होतो. फिल्टरमध्ये झिओलाइट असेल तर आधी काढा, कारण मिठाने त्यातला साठलेला अमोनिया परत पाण्यात येतो. आणि मीठ वाफेबरोबर जात नाही, तेव्हा पाणी बदललंत तेवढ्याच हिशेबाचं मीठ कमी झालं असं धरा.

मीठ सगळ्या कृमींना पुरत नाही. दोऱ्यासारख्या किडीवर आणि उवांवर ते चालत नाही. दोन आठवड्यांत घासणं थांबलं नाही तर घरचे उपाय तिथेच थांबवा. दुकानात मिळणारी निळी-हिरवी औषधं, पोटॅशियम परमँगनेट, फॉर्मेलिन अंदाजाने घालू नका. बारीक झालेल्या माशाचे कल्ले आधीच नाजूक असतात.

कारण सापडल्यावर खाद्य कसं वाढवायचं

कोईला पोटाची पिशवी नसते. अन्न गळ्यातल्या दातांनी चिरडलं जातं आणि थेट आतड्यात जातं. म्हणून एकाच वेळी भरपूर दिलेलं त्याला पचत नाही. दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्यायचं.

माशांच्या एकूण वजनाच्या १ टक्क्याने सुरुवात करा. तळ्यात १ किलोचे १० मासे असतील तर दिवसाला १०० ग्रॅम, चार वाटण्यांत. पाच मिनिटांत संपलं नाही तर पुढच्या वेळी कमी. अमोनिया शून्यावर राहिला तर दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवत दोन आठवड्यांत २ टक्क्यांपर्यंत न्या. पाणी २४ ते २८ अंश असेल तेव्हाच ३ टक्के द्यावेत, आणि फिल्टर दमदार असेल तरच. ३० अंशांच्या वर गेलं की दुपारचं खाद्य टाळा. पाणी २४ च्या खाली उतरलं की पुन्हा दीड टक्क्यावर या, पहिलं खाद्य ऊन आल्यावर, १० नंतर द्या. २० च्या खाली गेलं तर १ टक्का पुरे, आणि गव्हाच्या अंकुराचं खाद्य वापरा, ते पचायला हलकं.

प्रथिनं ३५ ते ४० टक्के असलेलं खाद्य घ्या, पोतं छोटं घ्या. जोडीला आपल्याकडचा सुका जवळा फार चांगला. बिनमिठाचा बघून घ्या, वाळू निघेपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, आठवड्यातून दोन-तीनदा मूठभर द्या. त्यातल्या नैसर्गिक रंगद्रव्याने कोहाकू-सांकेचा लालही खुलतो. रोज मात्र नको, पांढऱ्या भागावर गुलाबी छटा चढते, आणि मग रक्ताची लाली कोणती ते ओळखणं अवघड होतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा वजन करा. सगळे वाढले आणि एकच तिथेच राहिला, तर त्याच्यासाठी खाद्य वाढवणं हा मार्ग संपला.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

मासा भरपूर खातो तरी सुकतो आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी: आतड्यात पट्टकृमी असू शकतो. औषध आहे, पण मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्याकडून किंवा मत्स्यतज्ज्ञाकडूनच घ्या. मासा सुकतो, पाठ वाकते, जखमा भरत नाहीत: माशांचा क्षयरोग असू शकतो. याचे जिवाणू माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरतात. हातमोज्यांशिवाय तळ्यात हात घालू नका आणि मुलांना दूर ठेवा. खवले उभे राहून मासा फुगला, अंगाला खोल व्रण पडले, किंवा पोट गोल आणि पाठ उतरलेली आहे: प्रतिजैविकं स्वतः देऊ नका.

सगळ्यात तातडीचं म्हणजे दोन-चार दिवसांत अनेक मासे मलूल होणं, डोळे खोल जाणं, कल्ल्यांवर पांढरट कुजके चट्टे, मासे तळाशी झोपल्यासारखे पडणं. कोईंचा नागीण-विषाणू पाणी साधारण १८ ते २८ अंश असताना फैलावतो, म्हणजे आपल्याकडे नेमका थंडीत. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणलेला नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, त्याचं जाळं आणि बादली वेगळी ठेवा. अशी लक्षणं दिसली तर तळ्यातलं पाणी ओढ्यात सोडू नका, मासे कुणाला देऊ नका आणि त्याच दिवशी फोन करा.

आपल्याकडे रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. सिंधुदुर्गातल्यांना कुडाळजवळ मुळदे इथला विद्यापीठाचा शोभिवंत माशांचा प्रकल्प जवळ पडतो. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातही विचारता येतं. जाताना लक्षणं असलेला जिवंत मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्या. मेलेला न्यायचा तर नुकता मेलेला, पिशवीत घालून बर्फावर ठेवलेला. फ्रीजरमध्ये गोठवलेला किंवा सकाळपासून उन्हात तरंगत असलेला तपासणीला फारसा उपयोगी नाही. तळ्याचं पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, कारण पिशवीतलं पाणी वाटेत बदलतं. सोबत वही, माशाचा आधीचा फोटो, पाण्याचे आकडे आणि तोवर काय काय घातलं त्याची यादी न्या. मीठ घातलं असेल तर किती, हे ते पहिल्यांदा विचारतील.